सायकलचा लाइट: बघायचा की दिसायचा?

मागच्या अंकात सहज एक ओळ लिहून गेलो होतो की रात्री सायकल चालवणाऱ्यांनी ब्रेकइतकंच लाइटकडेही लक्ष द्यावं, आणि काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. बिनधास्त म्हटलं की लोक खरंच बिनधास्त विचारतात. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर राग मानू नका.

प्रश्न: ऑफिसहून येताना शेवटचे ४ किलोमीटर अगदी अंधाराचे आहेत. लाइट घ्यायला ऑनलाइन बघितलं तर कुणी ४०० ल्युमेन म्हणतं, कुणी १०००, कुणी ५०००. डोकं गरगरलं. नक्की किती हवेत?

आकड्यांवर येऊच, पण आधी एक ठरवा. लाइट दोन कामांसाठी लावतात. एक म्हणजे तुम्हाला रस्ता दिसावा म्हणून आणि दुसरं म्हणजे तुम्ही इतरांना दिसावं म्हणून. बाजारातले कितीतरी लाइट फक्त दुसरंच काम करतात, पण बॉक्सवर तसं कोण कशाला छापेल! रस्त्यावर खांबाचे दिवे असतील तर ५० ते १०० ल्युमेनमध्ये भागतं, कारण रस्ता तुम्हाला तसाही दिसतोय. तुमच्या त्या ४ किलोमीटरला मात्र ३००-४०० तरी हवेत आणि तेही रस्त्यावर पडणारे. ८००-१०००च्या नादाला जंगलातल्या दगडगोट्यांच्या वाटेने जाणाऱ्यांनी लागावं, त्यांना डोक्यावर येणाऱ्या फांद्याही बघायच्या असतात. आणि मुठीएवढ्या लाइटवर ५००० छापलेलं दिसलं तर हसायचं आणि पुढे जायचं.

आता ल्युमेन म्हणजे काय, तर लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो तो आकडा. तो पडतो कुठे हे त्यात कुठेच येत नाही. बागेला पाणी घालताना टाकीत पाणी किती हा एक हिशोब आणि या वाफ्यात पोचलं किती हा दुसरा, तसंच हे. वाफ्यात पोचलेल्या उजेडाला लक्स म्हणतात. साधा टॉर्च उजेडाचा गोल गोळा फेकतो, त्यातला बराचसा झाडांवर नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो. चांगल्या सायकल लाइटमध्ये आतला आरसा असा घडवलेला असतो की उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सपाट येते, गाडीच्या डिपरसारखी, आणि सगळा उजेड खाली रस्त्यावर. जर्मनीत तर पुढच्या लाइटची परीक्षा लक्सवरच होते, १० मीटरवर किमान १० लक्स पडले पाहिजेत आणि त्या कडेच्या वर उजेड फारसा जाता कामा नये.

मीटर का मोजायचे तेही सांगतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. खड्डा दिसला, डोक्यात शिरला, बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद सहज जातो, मग सायकल थांबायला अजून पाचेक मीटर, म्हणजे ११ मीटर झाले. ताशी ३० ला हाच हिशोब २० मीटरवर जातो. आणि अंतर दुप्पट झालं की त्याच लाइटचा उजेड चौथाईवर येतो. तेव्हा तुम्ही रोज किती जोरात जाता हे बघा आणि मग लाइट निवडा, उलटं नको.

रनटाइमचं पण बघून घ्या. 'एफएल १' नावाचं एक स्टँडर्ड बऱ्याच बॉक्सवर दिसतं, त्यात रनटाइम म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ. म्हणजे ४०० वाला लाइट ४० वर आला तरी कागदोपत्री तो चालूच आहे. ५ तास लिहिलेत म्हणून ५ तास झगझगीत मिळेल असं समजू नका.

प्रश्न: माझ्या जुन्या सायकलला टायरला घासणारा बाटलीसारखा डायनॅमो आहे. मुलगा म्हणतो काढून टाका, भंगार आहे. माझं मन होत नाही. वय ६८.

काका, तुमचं मन मला कळतं कारण मी शाळेत त्याच डायनॅमोवर वाढलो. संध्याकाळी तो टायरला टेकवला की घर्रर्र सुरू व्हायचं आणि सायकल एकदम जड, जणू मागे कुणीतरी येऊन बसलंय. चढावर वेग कमी झाला की दिवा मिणमिणता, उतारावर लख्ख, आणि थांबलं की गुडुप.

तो भंगार नाही, पण त्याचे दोष खरे आहेत. टायरच्या बाजूला घासून फिरतो त्यामुळे तुमच्या पायांची बरीच ताकद घासण्यातच जाते. सपाट रस्त्यावर निवांत सायकल चालवायला ७५-१०० वॅट लागतात, त्यातले ८-१० वॅट हा गडी खातो आणि दिव्याला देतो ३, म्हणजे पुढच्या बल्बला २.४ आणि मागच्याला ०.६. पावसात टायर ओला झाला की डायनॅमोचं छोटं चाक त्यावर घसरतं आणि नेमकं गरज असताना दिवा जातो. टायरही झिजतो. आणि जुन्या बल्बच्या जमान्यात एक गंमत होती, तुम्हालाही आठवत असेल, पुढचा बल्ब उडाला की पाठोपाठ मागचा उडालाच! तेव्हा वाटायचं नशीबच फुटकं. खरं कारण असं की डायनॅमो करंट जवळजवळ ठरलेला देतो, अर्धा अँपियर, त्यातला मागच्या बल्बचा वाटा फक्त ०.१. पुढचा गेला की अख्खा करंट त्या बिचाऱ्या मागच्यावर. तो टिकणार कसा?

पण काढायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. एक, डायनॅमो सरळ बसलाय का बघा. त्याच्या उभ्या दांड्याची रेघ मनातल्या मनात पुढे वाढवली तर ती बरोबर चाकाच्या आसातून गेली पाहिजे, बहुतेकांचा वाकडा असतो आणि निम्मी घरघर त्याचीच असते. दुसरं म्हणजे जुना बल्बवाला दिवा काढून डायनॅमोवर चालणारा एलईडी दिवा लावा. फिलामेंटचा छोटा बल्ब एका वॅटला १०-१५ ल्युमेन देतो, एलईडी १०० च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच पेडलिंगमध्ये कितीतरी पट उजेड. ही सगळी निळ्या एलईडीची करामत, त्यावर पिवळा उजेड देणारा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. निळा एलईडी करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. चांगल्या एलईडी दिव्यात थोडी वीज साठवून ठेवणारा छोटा कपॅसिटर पण असतो, त्यामुळे सिग्नलला थांबलात तरी दिवा काही मिनिटं मंद चालू राहतो. गुडुपचा प्रश्न मिटला.

आणि मुलगा फारच मागे लागला तर त्याला म्हणा हब डायनॅमो आणून दे. तो चाकाच्या मधोमध हबमध्येच असतो, कशाला घासत नाही, आवाज नाही, पाऊस असो चिखल असो फरक नाही, आणि दिवा चालू असताना जी ताकद घेतो ती बाटलीवाल्याच्या साधारण निम्मी. कल्पना नवीन नाही बरं का, स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीने 'डायनोहब' नावाचा हब डायनॅमो १९३६ मध्येच आणला होता. असं चाक हातात धरून फिरवलं की आत लोहचुंबक अडखळल्यासारखे टक-टक लागतात, लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. गेलेलं नसतं, ते तसंच असतं, आणि सायकलवर बसल्यावर जाणवतही नाही. तोटा एवढाच की पुढचं चाक नव्याने स्पोक भरून बांधावं लागतं, वजन वाढतं आणि खर्च बऱ्यापैकी होतो. पण रोज अंधारात जाणाऱ्याला माझं मत विचाराल तर हाच. चार्जिंग नाही, विसरणं नाही, सायकल हलली की दिवा लागला.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे. मित्र म्हणतात लाइट ब्लिंकवर ठेवला की जास्त सेफ. आई म्हणते डोळ्याला त्रास होतो. कोण बरोबर?

दोघं थोडे थोडे बरोबर, पण आई जरा जास्त. लुकलुकणाऱ्या लाइटकडे लक्ष पटकन जातं हे खरं, दिवसा उजेडी तर त्याचा फायदाच होतो. घोळ अंधारात होतो. मिट्ट अंधारात नुसता टिक-टिक ठिपका दिसला की मागच्या ड्रायव्हरला कळतं काहीतरी आहे, पण ते किती लांब आहे आणि किती वेगाने चाललंय हे पटकन कळत नाही, कारण डोळा पकडायला जातो तेवढ्यात ठिपका गायब. आणि पुढचा लाइट ब्लिंकवर असला तर तुला रस्ता तुकड्यातुकड्यात दिसणार, त्यात खड्डा चुकवून दाखव बरं. देशोदेशीचे नियमही वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकणारा लाइट चालतो, फक्त मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकला पाहिजे, आणि जर्मनीत सायकलवर तो चालतच नाही.

माझी पद्धत सांगतो: अंधारात पुढचा आणि मागचा दोन्ही स्थिर. मागे जागा असेल तर अजून एक छोटा लाल लाइट हळू लुकलुकणारा. ग्रुपने जात असाल तर मागचा ब्लिंक बंदच कर, तुझ्या मागच्याने काय पाप केलंय!

प्रश्न: ट्रेकिंगचा हेडटॉर्च घरात पडून आहे. तोच डोक्याला लावून सायकल चालवली तर वेगळ्या लाइटची गरज आहे का?

आहे. हेडटॉर्चचा फायदा खराच की मान वळवाल तिकडे उजेड, वळणावर आणि चेन पडल्यावर त्याच्यासारखं काही नाही. पण एक प्रयोग करा. खडबडीत जमिनीवर उभं राहून टॉर्च डोळ्यांच्या बाजूला धरा आणि जमिनीकडे बघा, सगळं कसं सपाट दिसेल. आता तोच टॉर्च कमरेजवळ आणा. प्रत्येक खड्याची सावली पडायला लागेल, खड्ड्याची कड काळी दिसेल. डोळा आणि दिवा एकाच जागी असले की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, दिवा खाली गेला की त्या बाहेर येतात, आणि रात्री खड्डा आपल्याला दिसतो तो सावलीनेच. म्हणून मुख्य लाइट हँडलवर नाहीतर त्याच्याही खाली, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ. धुक्यात तर हेडटॉर्च लावूच नका, डोळ्यासमोर नुसता पांढरा पडदा. आणि समोरून येणाऱ्याशी बोलायला तोंड वर केलंत की त्याच्या डोळ्यात तुमचा अख्खा सूर्य.

हँडलवरचा मुख्य आणि हेल्मेटवर छोटासा जोडीला, असं चालेल.

प्रश्न: बॅटरीवाला चार्जिंगचा घ्यावा की सेल बदलायचा? आणि ९९०० एमएएच लिहिलेली जाड बॅटरी मिळतेय, ती कशी?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घेऊ नका. त्या बोटाएवढ्या जाड सेलला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून ते नाव. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा, आणि चांगल्यातला चांगला या मापाचा सेल ३५०० च्या आसपास देतो. त्यावर ९९०० छापलेलं म्हणजे सरळ सरळ थाप आहे, आणि आकड्यात थाप मारणारा आतल्या सेफ्टीतही हात आखडता घेणारच. फुगलेला, वास येणारा किंवा चार्जिंगला हाताला चटका देणारा सेल लगेच बाजूला काढा, आणि असले लाइट रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका.

आता चार्जिंग की सेल. आत कायमची बॅटरी असलेला यूएसबीवाला लाइट हलका असतो, भरपूर उजेड देतो, वायर नाही काही नाही. रोजच्या येण्याजाण्याला उत्तम. पण दोन-चार वर्षांनी आतली बॅटरी थकली की बहुतेक वेळा अख्खा लाइटच फेकावा लागतो, कारण उघडायची सोयच नसते. आणि लिथियमचा एक स्वभाव आहे, उतरत उतरत जात नाही, बराच वेळ ठणठणीत आणि मग एकाएकी मान टाकते. माझा मागचा लाइट असाच एकदा वाटेत गेला, मला पत्ताच नाही, मागून येणाऱ्या एकाने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं की मी केव्हापासून काळोखात काळ्या जॅकेटमध्ये चाललोय. पुढचा गेला तर आपल्याला दिसतं हो, मागचा गेला तर जगाला दिसतं. तेव्हापासून मागे दोन लाइट लावतो, एक चार्जिंगचा आणि एक सेलवाला.

सेलवाल्याचं कौतुक एवढ्यासाठी की लांबच्या प्रवासात कुठेही सेल बदलून पुढे निघता येतं. त्यात रिचार्जेबल एए सेल टाकले तर कचराही कमी. हे १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, त्यामुळे एखादा लाइट यांच्यावर किंचित मंद वाटतो पण चालतो. आणि लाइट दोन-चार महिने वापरणार नसाल तर लिथियमवाला अर्धा चार्ज करून ठेवा, पूर्ण भरून नको आणि रिकामा तर मुळीच नको.

प्रश्न: लेकीच्या सायकलला ते रबरी पट्टीचे छोटे लाल-पांढरे लाइट लावलेत. चालतील ना?

ताई, दिव्याच्या उजेडातल्या रस्त्यावर दिसायला चालतील, अंधारात रस्ता बघायला नाहीत. त्यात बहुतेक सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो, २२०-२२५ एमएएचचा, त्यामुळे उजेड लवकर मंदावतो आणि आपण रोज बघतो म्हणून आपल्याला कळतही नाही. पण तुम्हाला लिहायचं कारण वेगळंच आहे. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर सेल बदलताना जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोनेक तासांत आतून भाजायला लागतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल.

प्रश्न: समोरून येणारे माझ्यावर चिडतात, शिव्या देतात. लाइट ६०० ल्युमेनचा आहे. कमी पॉवरचा घेऊ?

नको, आहे तोच खाली करा. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, लाइट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, समजा ९० सेंटीमीटर. आता उजेडाचा सगळ्यात झगझगीत भाग भिंतीवर ४५ सेंटीमीटर उंचीवर पडेल असा लाइट झुकवा. ५ मीटरवर निम्म्या उंचीला आला म्हणजे १० मीटरवर जमिनीला टेकणार. तुम्ही जोरात जात असाल तर किंचित वर घ्या, पण भिंतीवर तुमच्या लाइटच्या उंचीच्या वर झगझगीत काही दिसता कामा नये. ही खटपट एकदा केली की बस, मात्र क्लॅम्प ढिला असेल तर पहिल्याच खड्ड्यात लाइट आकाशाकडे बघायला लागतो, तेव्हा क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. गोल टॉर्चसारखा बीम असेल तर हे सगळं करूनही थोडा त्रास देणारच, तेव्हा समोर कुणी आलं की लो मोडवर टाका.

प्रश्न: पावसात वापरायचा तर वॉटरप्रूफ कसा ओळखायचा?

बॉक्सवर आयपीएक्स४ असेल तर चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसतो, आयपीएक्स७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स म्हणजे धुळीची टेस्ट दाखवलेली नाही. पावसाला ४ पुरतो, पण मागचा लाइट चाकाच्या फवाऱ्यात येतो त्याला ७ असला तर बरं. आणि चार्जिंगच्या भोकावरचं ते रबरी झाकण नीट दाबलेलं हवं, नाहीतर ४ काय आणि ७ काय. ओल्या रस्त्यावर तुमचा स्वतःचा लाइट कमी झाल्यासारखा वाटेल तर घाबरू नका, लाइट बिघडलेला नाही. ओलं डांबर आरशासारखं उजेड पुढे ढकलून देतं, तुमच्याकडे परत येतो तो थोडाच.

प्रश्न: स्पोकला लोहचुंबक लावून पेटणारे लाइट बघितले. बॅटरी नाही, घासणं नाही. खरंच चालतात?

चालतात. चुंबक लाइटजवळून गेला की आतल्या कॉइलमध्ये थोडी वीज तयार होते, पेडल जड झालेलं कळतही नाही. पण वीज इवलीशी, म्हणून उजेडही इवलासा, म्हणजे हे फक्त दिसायचे लाइट. चाकाजवळ खाली असतात त्यामुळे सामानाआडही जातात. मात्र यांची खरी मजा ही की बंद करायचं बटणच लागत नाही, दिवसाही चालू. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलवाल्यांवर याचा प्रयोग झाला, काहींना असे कायम चालू लाइट दिले आणि बाकीचे नेहमीसारखे चालवत राहिले. लाइटवाल्यांमध्ये जखमी होण्याचे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. दिवसा लाइट लावणाऱ्याला आपण वेडा म्हणतो, पण वेडा तो नाही.

प्रश्न: रिफ्लेक्टर असताना मागच्या लाइटची खरंच गरज आहे?

आहे. रिफ्लेक्टर उजेड परत पाठवतो, स्वतःचा तयार करत नाही. गाडीचा हेडलाइट त्याच्यावर पडला तर तो चमकणार, बाजूच्या गल्लीतून वळणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही. पण म्हणून काढू मात्र नका, त्याला सेल लागत नाही. त्यातल्या त्यात पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर मला सगळ्यात आवडतात, ते वर-खाली हलतात आणि मागच्याला लगेच कळतं की हा माणूस आहे, पेडल मारतोय.

प्रश्न: पार्क केल्यावर लाइट चोरीला जातो म्हणून काढून नेतो, तर परत लावायला विसरतो.

काढलेला लाइट हेल्मेटच्या आत ठेवा, डोक्यात घालायच्या आधी हातात येतोच. आणि ज्या लाइटचं बटण लॉक होतं तो घ्या, बॅगेत वहीचा कोपरा लागून लाइट चालू होतो आणि दिवसभर आतल्या आत जळत बसतो. माझी अख्खी बॅग एकदा मीटिंगमध्ये खुर्चीखाली लाल-लाल लुकलुकत होती.